साडूच्या भिंतीवरचे पूर्वज

आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, एक पडदेवाले राहतात. पडदे विकत नाहीत, शिवतात. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, कापड पसंत करून घ्यायचं, शिवायचं आणि स्वतः शिडीवर चढून टांगून द्यायचं, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. या धंद्यात एकच धोका. शिडीवर चढलेल्या माणसाला समोरच्याचं अख्खं घर दिसतं. कपाटावर काय ठेवलंय, पंखा नवा कधी आला, सोफ्याखाली काय ढकललंय, सगळं. तुम्हाआम्हालाही दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही, पण आपण ते तोंडावर दाखवत नाही. पडदेवाले दाखवतात. त्यांच्या पोटात दुखलं की मला खाली ऐकू येतं.

अर्थात, जगाचा हेवा ते येता-जाता करतात. मन लावून करतात तो एकाच माणसाचा: साडूंचा.

साडू बँकेत कॅशियर होते. दोघी सख्ख्या बहिणी, त्यामुळे यांच्या घरात काय शिजलं ते त्यांच्या घरात फोडणी बसायच्या आत कळतं. साडूंनी फ्रीज घेतला तेव्हा यांनी त्याहून उंच घेतला. तो दारातून आत जाईना म्हणून दार काढावं लागलं. साडूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सगळे नातेवाईक त्यांच्या उशाशी जमले, तेव्हा पडदेवाले दवाखान्यातून परत आले ते लंगडत.

"तुम्हाला काय झालं?" मी विचारलं.

"माझाही दुखतो. पण माझ्या गुडघ्याला विचारतो कोण?"

निवृत्त झाल्यावर साडूंनी पूर्वज शोधायला घेतले. कचेऱ्या पालथ्या घातल्या, जुनी बाडं चाळली, आणि शेवटी दिवाणखान्यात भिंतभर वंशवृक्ष लावला. चौकटीत, काचेसकट, वर छोटा दिवा. आठ पिढ्या. त्यातला एक पूर्वज म्हणे कुठल्याशा खजिन्याचा प्रमुख होता.

"खजिन्याचा प्रमुख!" पडदेवाले मला सांगत होते. "आणि हे कॅशियर. आठ पिढ्यांत एवढीच प्रगती! मी तिथल्या तिथे म्हणालो असतो, पण तोंडात खाऊ होता."

"त्यांचाच?"

"मग कोणाचा? बरा होता. तेच तर."

इथवर ठीक होतं. भिंत साडूंची, पूर्वज साडूंचे. पण मग पडदेवाल्यांच्या नातीला शाळेतून प्रकल्प मिळाला: आपला वंशवृक्ष तयार करून आणा. नात हुशार. तिने आजोबांना विचारलं. आजोबांनी स्वतःचे वडील सांगितले, आजोबा सांगितले आणि थांबले. त्यापलीकडे त्यांच्याकडे खिडकीच नव्हती, नुसती भिंत. नातीने शांतपणे मान हलवली, मावशीआजीच्या घरी गेली आणि तिथल्या भिंतीवरचं झाड जसंच्या तसं उतरवून आली. खजिन्याच्या प्रमुखाला तर तिने मिशाही काढल्या.

पडदेवाल्यांनी तो कागद पाहिला.

"अगं, हे आपले कोणी नाहीत!"

"मावसआजोबांचे आहेत ना? मग आपलेच."

"तुझ्या बापाच्या आईच्या बहिणीच्या नवऱ्याचे खापरपणजोबा! आपले कसे?"

"पण आपल्याकडे नाहीतच ना, आजोबा. आणि बाईंना भरपूर हवेत. पुढच्या आठवड्यात वर्गात लावणार आहेत."

हे मात्र लागलं. फ्रीज, गुडघा, खजिना सगळं माणूस सोसतो. पण आपली नात, आपलं आडनाव लावणारी, भर वर्गात दुसऱ्याच्या पूर्वजांखाली उभी राहणार? आणि त्या झाडावर आपण कुठे? पडदेवाल्यांनी शोधलं, सगळ्या फांद्या पाहिल्या. ते कुठेच नव्हते.

दुसऱ्याच दिवशी ते निघाले. घरात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साडूंना कळलं असतं. जिल्ह्याच्या कचेरीत त्यांना सांगण्यात आलं, जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी इथे नाहीत, सगळ्या राज्याच्या अभिलेखागारात हलवल्या. म्हणून बस पकडून राज्याच्या अभिलेखागारात. तिथे पिशवी बाहेर, पेन बाहेर, पाण्याची बाटली बाहेर. आत फक्त माणूस आणि पेन्सिल. वाचनाची खोली लांबट, टेबलं जुनी आणि खिडक्यांना जाडजूड पडदे. पडदेवाल्यांचं पहिलं लक्ष कुठे गेलं असेल?

"बाई, हे पडदे शिवले कोणी? चार बोटं आखूड आहेत. खालून ऊन येतंय."

काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली नाही. "मोजायला आलात की शोधायला?"

शोधायचं होतं वडिलांच्या जन्माचं पान. त्यावर आजोबांचं गाव, धंदा आणि पणजोबांचं नाव मिळणार होतं. बाईंनी विचारलं, साल कुठलं? साल पक्कं ठाऊक नव्हतं. पडदेवाल्यांनी अंदाज बांधला आणि सवयीप्रमाणे दोन्ही बाजूंनी शिलाईला कापड सोडलं, म्हणजे अलीकडे दहा वर्षं, पलीकडे दहा वर्षं. पडद्याला ही रीत चांगली. सूचीच्या बाबतीत मात्र बाईंनी समोर जाडजूड वह्यांचा असा ढीग आणून ठेवला की पलीकडे बसलेला माणूस दिसेनासा झाला. सूची आडनावांप्रमाणे नव्हती, गावांप्रमाणे होती, आणि गावच तर शोधायचं होतं. दिवस गेला. डोळे लाल झाले. शेजारच्या टेबलावर एका माणसाला त्याची पणजी सापडली. तो खुशीत हसला. पडदेवाल्यांनी त्याचाही हेवा करून घेतला आणि शेवटची बस पकडली.

दोन दिवसांनी पुन्हा गेले. दारातून आत पाऊल टाकतात तो काउंटरशी एक ओळखीची मान. मागून. लोक माणूस चेहऱ्यावरून ओळखतात. पडदेवाले साडूंना मानेवरूनही ओळखतात, इतका त्यांचा अभ्यास आहे.

साडू बाईंशी वाद घालत होते. "अहो, नोंद सूचीत आहे. साल आहे, गाव आहे, क्रमांक आहे. नक्कल द्यायला काय हरकत?"

"नोंद शंभर वर्षांच्या आतली आहे. थेट वारसालाच मिळते. तुमचे वडील का हे?"

"नाही."

"काका? मामा?"

"माझ्या बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याचे वडील."

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "मग त्या नवऱ्याला पाठवा."

"तो कसला येतोय! त्याला नुसतं कुढता येतं."

"नवरा आलाय!" मागून आवाज आला. सगळी खोली वळून पाहू लागली.

साडू गोरेमोरे झाले. मग खुलासा झाला. नातीने त्यांना फोन करून सांगितलं होतं, आमचे आजोबा रागावलेत, तुम्ही आमचेही शोधून द्या ना. साडूंनी बायकोला विचारलं, बायकोने बहिणीला, आणि पडदेवाल्यांच्या पत्नीने भाजी चिरता चिरता साल आणि गाव दोन्ही सांगून टाकलं. सासऱ्यांचा जन्म नदीवरचा पूल वाहून गेला त्या सालचा, हे सासूबाईंनी तिला शंभरदा ऐकवलेलं. पडदेवाल्यांनी नंतर तिला फैलावर घेतलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही मला विचारलंत कधी? घरात विचारायचं सोडून राज्याच्या ठिकाणी गेलात."

"माझा बाप," पडदेवाले मला म्हणाले, "आणि तोही याला आधी सापडला!"

पण काउंटरवर त्या क्षणी निराळंच घडत होतं. बाईंनी अर्ज पडदेवाल्यांसमोर सरकवला. ओळखपत्र पाहिलं. "थेट वारस. इथे सही करा." साडूंकडे वळून, "तुम्ही जरा मागे सरका." साडू मागे सरकले. जन्मात पहिल्यांदा कुठल्यातरी काउंटरवर साडू मागे आणि पडदेवाले पुढे होते. सही करायला त्यांनी इतका वेळ लावला की बाईंना विचारावं लागलं, नाव फार मोठं आहे का.

नक्कल हातात आली. साडूंनी टाचा उंचावल्या.

"दाखवा की जरा."

"थेट वारस आहात का?"

"अहो, नोंद मी शोधली!"

"सही माझी आहे."

कागद घेऊन पडदेवाले खिडकीपाशी गेले, एकटेच. वाचला. पणजोबांचं नाव होतं, गाव होतं, आजोबांचा धंदा होता. आनंद झाला, पण तिथे एकट्याने आनंद करून भागेना. सांगायचं कोणाला? खोलीभर परके. शेवटी त्यांनी बोटाने साडूंना बोलावलं.

साडूंनी चष्मा पुसून वाचलं. "धंदा, पुलावरचा पहारेकरी." मग थांबून, "कुठल्या पुलावरचा? वाहून गेला त्या?"

"मग दुसरा पूल कुठे होता तिथे?"

"पूल गेला तेव्हा आजोबा काय करत होते?"

"पहारा!" पडदेवाले म्हणाले, आणि दोघं इतके हसले की बाईंनी पट्टी आपटली. दोघं निघाले तेव्हा मात्र बाईंनीच सहज सांगितलं, "पणजोबांच्या मागचं हवं असेल तर ती बुकं शंभर वर्षांपलीकडची आहेत. ती सगळ्यांना खुली. कोणीही पाहू शकतं."

साडूंचे डोळे चमकले. पडदेवाल्यांनी ते पाहिलं.

संध्याकाळी नातीने नवा कागद घेतला. खाली स्वतः, मग बाबा, आजोबा, पणजोबा, त्यांच्या वर पुलावरचे पहारेकरी आणि सगळ्यांत वर पहारेकऱ्यांचे वडील. पहारेकऱ्यांच्या हातात तिने कंदील दिला. पडदेवाल्यांना आपलं नाव झाडावर दिसलं आणि त्यांनी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आजोबा, वरच्या रांगा रिकाम्या दिसतात. तिथे मावसआजोबांचेच राहू देत का?"

"म्हणजे फांद्या आमच्या आणि मुळं त्याची?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने पडदेवाले अभिलेखागाराच्या फाटकाशी हजर. फाटक बंद होतं. बाहेर पायरीवर साडू बसलेले, मांडीवर डबा, बाजूच्या जागेवर रुमाल टाकून ठेवलेला.

"या. म्हटलं, तुम्ही येणारच. जागा धरलीय."

"माझे पूर्वज आणि जागा धरणार तुम्ही!" पडदेवाले कडाडले. पण बसले. फाटक उघडलं, दोघं आत गेले. बाईंनी मागणीची चिठ्ठी पुढे केली तेव्हा पडदेवाल्यांनी पेन्सिल उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि साडूंपुढे टाकली.

"घ्या, लिहा. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे." आणि लगेच, "तेवढंच."