धरणाखालचा बांध

पस्तीसेक वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, मी काविळीने उल्हासनगरच्या एका दवाखान्यात पडून होतो. शेजारच्या खाटेवर बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा एक म्हातारा होता. त्याच्या लिव्हरमध्ये पू झाला होता. तो सुईने काढला, पण जवळच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली आणि दोन्ही पाय खांबासारखे सुजले. गुठळी सुटून छातीत जाईल म्हणून त्याला खाटेवरून उतरायची बंदी होती. रक्त पातळ करायचं इंजेक्शन तो निमूट टोचून घ्यायचा आणि सिस्टरची पाठ वळली की माझ्या पेपराकडे बोट करायचा.

“भाऊ, धरनात पानी किती उतरलं?”

पाणीकपातीच्या बातमीने अख्खा वॉर्ड चरफडायचा, हा एकटाच खुलायचा. शेवटी मी कारण विचारलंच.

“माजं शेत धरनात गेलं. पानी उतरलं का बांध वर येतो. दर साली जातो, बांधावरनं चालून येतो.” मग सुजलेली पोटरी दाबत म्हणाला, “डाक्टरला सांग ना, पावसाच्या आधी सोड.”

मला आधी घरी सोडलं. त्या दिवशी पेपरात धरणाने तळ गाठल्याची बातमी होती. मी पेपर घडी करून पिशवीत टाकला आणि त्याला म्हणालो, “पाणी अजून भरपूर आहे, बाबा. घाई नाही.”

त्याचं पुढे काय झालं, कळलं नाही. अजूनही मे महिन्यात अंबरनाथला आमचा नळ कोरडा पडला की घरात सगळे वैतागतात. मीही वैतागतो, आणि मग मनातल्या मनात त्याला सांगतो, “जा बाबा, बांध वर आलाय.”