तब्येत विचारू नये

दुकानाच्या पायरीवर चपला काढायच्या, आत येऊन टाचा जुळवायच्या आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणायचं, "ठीक आहे बाई, एकदम ठीक." एवढं झालं की हवालदार खुर्चीची पाठ धरून दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहायचे. जालन्याच्या बस स्टँडपासून मस्तगडपर्यंत चालून आल्यावर पुढचं वाक्य बोलण्याइतका श्वास त्यांच्यात उरलेला नसायचा. तुम्हीही असा माणूस कुठे ना कुठे पाहिला असेल. पाहिला असेल तर माझी चिडचिड तुम्हाला समजेल.

माझं तिथे टायपिंगचं दुकान होतं. एक्क्याऐंशीत जालना जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या आणि त्यांच्यामागून अर्ज आले. मी माजी सैनिकांचे अर्ज लिहून देते ही बातमी कुणीतरी वाटूरकडच्या गावांत पसरवली. ते कुणीतरी म्हणजे हेच हवालदार, हे मला पुढे कळलं.

एकाहत्तरच्या लढाईत ते सरहद्दीजवळच्या एका लष्करी कोठारावर होते. बॉम्ब पडून तिथली रसायनांची पिंपं फुटली. हवालदार आणि त्यांच्या तुकडीनं आठ दिवस ती उघड्या हातांनी हलवली. पिंपांत काय आहे ते कुणी सांगितलं नाही, नाकाला फडकं बांधा एवढंच सांगितलं. तेव्हापासून हातांची सालं निघायची, आणि खोकला तर असा की ऐकणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात. लष्करी डॉक्टरांच्या मंडळानं 'हा आजार नोकरीमुळे झाला' एवढं लिहून दिलं असतं, तर औरंगाबादच्या छावणीत त्यांच्यावर उपचार झाले असते आणि त्यांच्यामागे बायकोलाही पेन्शनचा आधार राहिला असता. एक ओळ हवी होती. तेवढ्या ओळीसाठी या माणसानं माझ्या नाकी नऊ आणले.

त्यांचं सेवापुस्तक पाहिलं तेव्हाच मी कपाळावर हात मारला. पानावर पान उलटत ते कौतुकानं दाखवत होते, एकोणीस वर्षांत आजारपणाची एकही नोंद नाही. फौजेतून सुटताना डॉक्टरनं विचारलं तेव्हा हे ठणठणीत आहे म्हणाले, आणि त्यानं तसं लिहून टाकलं.

"अहो हवालदार, हेच तर आपल्याला बुडवतंय," मी म्हणाले.

"पण बाई, साहेबापुढं रडगाणं कसं गावं? बाकीचे पोरं ड्युटी करून राह्यले आन् मी दवाखान्याच्या लाइनीत?"

लढाई संपून वीस वर्षं होत आली होती. तरी यांची ड्युटी चालूच.

बरं, बोलता येत नव्हतं म्हणावं तर तेही नाही. अंबडकडच्या, त्यांच्याच तुकडीतल्या एका साथीदाराला ते स्वतः माझ्याकडे घेऊन आले. तो बिचारा अबोल. त्याची छाती कशी वाजते, जिना चढताना किती वेळा थांबतो, अंगावरचे चट्टे कुठल्या महिन्यात फुटतात, सगळं हवालदारांनी मला बसून सांगितलं. त्याच्याबरोबर औरंगाबादला जाऊन साक्षही दिली. त्याचं काम पहिल्या फेरीत झालं. हवालदार पेढे घेऊन आले आणि पेढा माझ्या हातावर ठेवता ठेवता त्यांना अशी उबळ आली की पुडी खाली पडली.

त्यांच्या स्वतःच्या अर्जाची गत मात्र दोन वेळा तीच झाली. मंडळाच्या तारखेला हे पहाटे उठून गुळगुळीत दाढी करायचे, बुटांना पॉलिश, मिशांना तेल. गालात दोन लवंगा. लवंगा कशाला, तर खोकला येऊ नये म्हणून! खोकला दाखवायला निघालेला माणूस खोकला लपवायची तयारी करून जायचा. आत गेले की कडक सलाम. कैसे हो विचारलं की ठीक है साब. दोन्ही वेळा अर्ज नामंजूर.

तिसऱ्या वेळी मी ठरवलं की बरोबर जायचं. हवालदारांच्या मंडळी, ज्यांना मी मावशी म्हणायचे, त्याही आल्या. छावणीच्या दारात मी हवालदारांना तोंड उघडायला लावून लवंगा काढून घेतल्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची बंदूक काढून घेतली. नुसत्या लवंगा काढून भागेल असा भरवसा मला आधीपासूनच नव्हता. म्हणून मी आदल्या दिवशी अर्जाच्या वर एक वेगळा कागद टाचून ठेवला होता. त्यावर लिहिलं होतं: अर्जदारास तब्येत विचारू नये. तब्येत सांगण्याचा हुकूम द्यावा.

आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धं उघडं होतं. आतले कर्नलसाहेब बराच वेळ कागद वाचत होते. मग त्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"हवलदार, अपनी पूरी तकलीफ बताओ. ये हुकूम है."

आणि हवालदार बोलू लागले. पिंपं, पिवळं पाणी, हाताची सोललेली कातडी, बसूनच काढाव्या लागणाऱ्या रात्री, सगळं तारीखवार. मध्येच खोकला आला आणि या वेळी त्यांनी तो अडवला नाही. मावशींनी पदर तोंडाला लावला. यातलं निम्मं त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

परतीच्या एसटीत हवालदार आमच्यापासून लांब, पुढच्या सीटवर जाऊन बसले. जालन्याला उतरल्यावर म्हणाले, "बाई, हे बराबर केलं न्हाई तुम्ही." चहालाही थांबले नाहीत. मला इतका राग आला! ज्याच्यासाठी एवढं केलं त्यानं उलट मलाच बोलावं! तो राग अजूनही पुरता गेलेला नाही.

दोन महिन्यांनी ती ओळ आली. कागद घेऊन मावशी आल्या, हवालदार आले नाहीत. ते परत कधीच आले नाहीत. छावणीत त्यांच्यावर दीड वर्ष उपचार झाले. मग एके दुपारी मावशी एकट्या आल्या आणि त्यांनी मृत्यूचा दाखला माझ्या टेबलावर ठेवला. आता मावशींच्या नावानं पेन्शनचा अर्ज करायचा होता.

"शेवटी घरी आणल्ते," त्या म्हणाल्या. "कुणी बी विचारलं तरी चांगलं हाय म्हणायचे. मंग एक दिवस मी दार लावून घेतलं आन् म्हणलं, हुकूम हाय, सांगा."

"सांगितलं?"

"म्हणले, भ्या वाटून राह्यलं. लई वेळ बोलले. मी हात धरून बसल्ते." मग त्यांनी विचारलं, "मरत्या माणसावर हुकूम चालवला मी. चुकलं का ओ माझं?"

बिलकुल नाही, असं मी म्हणाले. मशीनवर कागद चढवला आणि अर्जदाराच्या रकान्यात सवयीनं हवालदारांचं नाव टाइप करून बसले. तो कागद काढून दुसरा घातला. बोटांनी त्यावरही त्यांचंच नाव उमटवलं.