साबणाचा सांधा

लातूर जिल्हा नवा होता आणि पाऊस नव्हता. ताहेरचं गंजगोलाईच्या बाजारामागं विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. विहिरी आटल्या, तसं गिऱ्हाईक थांबलं.

त्याच सुमारास गावाबाहेरच्या धावपट्टीवर एक छोटं विमान आलं. ढगांवर मीठ फवारून ते पाऊस पाडणार होतं. कंपनीला मदतनीस मेकॅनिक हवा होता. ताहेर लागला. त्याची आई हसीनाबी शेजारणींना सांगायची, "माझा ताहेर पाऊस दुरुस्त करतो."

दीड महिना ढगच आले नाहीत. विमान पत्र्याखाली उभं होतं. गोलाईत लोक म्हणायचे, "काय ताहेरभाई, मीठ वाया चाललंय. वरणात तरी टाका."

ताहेर हसायचा. मग मला, त्याच्या लहानपणच्या दोस्ताला, म्हणायचा, "शिवल्या, एकदा उडू दे बे."

एका मंगळवारी सकाळी रेणापूरच्या बाजूला ढग दाटले. मी त्याचा डबा घेऊन गेलो होतो. कुंपणाला माणसं लागली होती. विमान चालवणारे कॅप्टन आत बूट घालत होते. ताहेर इंजिनाखाली वाकला होता. पेट्रोलच्या नळीचा सांधा पाझरत होता. कंपनीचे मोठे इंजिनिअर नवा सांधा आणायला हैदराबादला गेले होते. ते दुसऱ्या दिवशी येणार होते.

ताहेरनं धुण्याच्या साबणाचा तुकडा मळला आणि सांध्यावर दाबून बसवला. टाकी गळली की आमच्याकडचे ट्रकवाले हेच करतात. पाझर थांबला.

"कॅप्टनला सांगू का?" त्यानं मला विचारलं.

"सांगितलंस तर उडणार न्हाईत ते. ढग बघ."

तो बराच वेळ वर बघत राहिला. मग त्यानं हात पुसले.

विमान उडालं. इंजिन तापलं, साबण वितळला, पेट्रोल वाहून गेलं. रेणापूरजवळ इंजिन बंद पडलं. कॅप्टननी विमान कोरड्या तळ्यात उतरवलं. चाक भेगेत अडकलं. त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला. ढग न बरसता उदगीरकडं निघून गेले.

ताहेर दवाखान्यात गेला आणि त्यानं त्यांना सगळं सांगितलं. कॅप्टन म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस. मी थांबलो असतो." एवढंच.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. नळी आदळून तुटली होती, साबणाचा मागमूस उरला नव्हता. कॅप्टननी तक्रार केली नव्हती. ताहेर गप्प बसला असता तरी चाललं असतं.

"साबण मी लावला, साहेब," तो म्हणाला.

"आणि कॅप्टनला सांगायचं नाही, हे कुणाला विचारून?"

दार उघडं होतं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. त्याची नजर माझ्यावरून गेली.

"कुणाला न्हाई. मनानंच."

मी उठलो नाही.

त्याला कामावरून काढलं. बाहेर येऊन त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "चल बे," तो म्हणाला, "अम्मी जेवायची थांबून राहिली."

मी गेलो. जेवलोसुद्धा.