सहीनंतर मारलेली फुली

अकोल्यात जठारपेठेच्या पुढे हरिहर पाठकचं दुकान आहे. पाटीवर ‘कार डिटेलिंग’ असं लिहिलेलं असलं तरी लोक त्याला महाराजांचं दुकान म्हणतात. हरिहरचे वडील आणि आजोबा पूजा सांगायचे. हरिहरने पोथी सोडून पॉलिशचं मशीन हाती धरलं, पण ‘महाराज’ काही सुटलं नाही.

गाडी आतून-बाहेरून नव्यासारखी करून देणं हा त्याचा धंदा. त्याची खरी विद्या मात्र वेगळीच होती. कितीही तिरसट गिऱ्हाईक असो, हरिहर आवाज न चढवता त्याला गप्प करायचा. एक डॉक्टर सीटला नाक लावून वास घ्यायचे आणि शाम्पू बदलला का म्हणून हटकायचे. एक ठेकेदार खदानीतली गाडी आणून ‘शोरूमसारखी दिसली पाहिजे’ म्हणत खुर्ची टाकून बसायचा. आणि ‘हा ओरखडा तुमच्याच इथे पडला’ म्हणणारे तर आठवड्याला दोन तरी यायचे. त्यांच्यासाठी हरिहरजवळ कार्ड होतं.

कार्डावर गाडीचं चारी बाजूंनी काढलेलं चित्र असायचं. किल्ली हातात घेण्याआधी हरिहर गिऱ्हाइकाला घेऊन गाडीभोवती फिरायचा. जुना ओरखडा, पोचा, उडालेला रंग दिसला की चित्रात त्या जागी लाल फुली मारायचा आणि शेवटी खाली सही घ्यायचा. ‘महाराजांकडे दक्षिणेच्या आधी प्रदक्षिणा’ अशी गंमत लोक करायचे. पण पुढे कोणी तक्रार काढली की हरिहर फक्त ड्रॉवर उघडायचा. वर फुली, खाली सही. गिऱ्हाईक मुकाट्याने गाडीत बसायचं. चौदा वर्षं ते कार्ड खरं बोललं होतं. म्हणूनच ते एकदा खोटं बोललं तेव्हा कोणालाच शंका आली नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत अमरावतीहून सत्यभामाबाई ढोले आल्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गाडी गडद मरून रंगाची. अमरावतीतल्या दोन दुकानांशी बिनसल्यामुळे त्यांनी एवढं अंतर तोडलं होतं. सोबत त्यांचा ड्रायव्हर रामराव गावंडे. परतवाड्याचा, पंचावन्नच्या पुढचा, अठरा वर्षं त्यांच्याच गाडीवर असलेला.

“तुमच्याकडे काम चांगलं होतं म्हणतात,” खुर्ची रुमालाने पुसून बसत बाई म्हणाल्या. “मी अजून म्हणत नाही.”

“पाहा, मग म्हणा.”

“पाहणार तर आहेच. पस्तीस वर्षं पेपर तपासले आहेत मी.”

एवढ्यात पुण्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला. त्यांनी हातानेच खूण करून रामरावला प्रदक्षिणेला धाडलं. रामरावने आपणहून तीन जागा दाखवल्या. त्यातली मागच्या दाराखालची तर हरिहरलाही दिसली नव्हती.

“दर्यापूरच्या लग्नात कोन्या पोट्ट्यानं स्कूटी घासली,” रामराव म्हणाला. “लिहून घ्या, नाही तं मॅडम तुमाले सोडत नाही.”

तीन फुल्या झाल्या. “बराबर हाय मॅडम,” रामरावने सांगितलं आणि बाईंनी फोन कानाला लावलेलाच ठेवून, कार्ड न वाचता सही केली.

दुसऱ्या दिवशी मशीन हरिहर स्वतः चालवत होता. बाई अकोल्यातच बहिणीकडे उतरल्या होत्या आणि सकाळपासून त्यांचे चार फोन झाले होते. “एवढा वेळ काय करताय?” हे चौथ्या फोनवरचं वाक्य. बॉनेटच्या उंच कडेवर रंग पातळ असतो. तिथे आधी कागदी टेप चिकटवायची आणि मगच मशीन फिरवायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. हरिहरने फोन ठेवला तो दातओठ खाऊनच, आणि टेप राहून गेली. मशीन उचललं तेव्हा दोन बोटं रुंद जागेतला मरून रंग गेलेला होता. खालचा राखाडी थर उघडा पडला होता.

कबूल केलं असतं तर बॉनेट रंगवून द्यावं लागलं असतं. तीन दिवस गेले असते, एवढंच. पण हरिहरला तीन दिवस दिसले नाहीत. त्याला बाईंचं बोट दिसलं, त्यांचा आवाज ऐकू आला, आणि ‘अकोल्याचा तो महाराजही तसलाच’ असं अमरावतीभर सांगत फिरणाऱ्या बाई दिसल्या. त्याने ड्रॉवर उघडला, कार्ड काढलं, बॉनेटच्या कडेवर चौथी फुली मारली आणि बाजूला ‘रंग गेलेला’ असं नेहमीच्याच अक्षरात लिहिलं. पेनाला टोपण लावेपर्यंत हात अजिबात कापला नाही. हे त्याला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

दुपारी बाईंनी गाडीभोवती फेरी मारली आणि बोट नेमकं तिथेच ठेवलं.

“हे काय?”

“ते आधीचं आहे मॅडम.” हरिहरने ड्रॉवर उघडला.

बाईंनी चष्मा लावून कार्ड वाचलं. मग त्या वळल्या. “रामराव, काल होती ही खूण?”

रामरावने वाकून बॉनेट पाहिलं. कार्ड पाहिलं. मग हरिहरकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, संशय नव्हता. परक्या गावात माणूस रस्ता विचारतो तसं तो विचारत होता.

“होती ना रामराव,” हरिहर म्हणाला. “तुमच्यासमोरच तर फुली मारली.”

“मंग अशीन मॅडम,” रामराव सावकाश म्हणाला. “महाराजांनी लिहिलं म्हंजे अशीन. मले कशी दिसली नाही तेच समजत नाही.”

“मागच्या आठवड्यात पाहुण्यांना घेऊन चिखलदऱ्याला कोण गेलं होतं?”

“मीच.”

“कुठे लागली?”

“मले मालूम नाही मॅडम.”

बाईंनी कार्ड हरिहरला परत दिलं. गाडी गेली. हरिहरने कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि आपण एक अवघड गिऱ्हाईक निभावलं असं त्या दिवसापुरतं मनाला सांगितलं.

त्यानंतर अमरावतीची गिऱ्हाइकं वाढली. ‘ढोले मॅडम म्हणतात तुमचा कागद पक्का असतो,’ असं जो तो सांगायचा. हरिहर मान हलवायचा. त्या गाड्यांवर तो दुप्पट मेहनत घ्यायचा आणि प्रदक्षिणेच्या वेळी त्याचा लाल पेन उगाच जड व्हायचा. रामरावचा विचार यायचा, नाही असं नाही. बाई रागावल्या असतील, दोन दिवसांनी विसरल्या असतील, असं म्हणून तो पुढच्या गाडीकडे वळायचा.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधी बाई पुन्हा आल्या. गाडी स्वतः चालवत आल्या होत्या. सोबत चिवड्याचा डबा होता.

“रामराव नाही आले?” हरिहरने विचारलं.

“त्याला मी तेव्हाच काढलं. तुमच्या कार्डामुळे मला माणूस कळला, महाराज. गाडीला लागलं याचं मला काही नाही. गाडी आहे, लागते. पण लपवलं. खोदून खोदून विचारलं तर म्हणे, मले मालूम नाही. खोटं बोलणारा मी शाळेत ठेवला नाही, तर घरी कसा ठेवणार?”

हरिहरच्या तोंडाशी शब्द आले होते. “चहा घेता?” एवढेच बाहेर पडले.

घरी गेल्यावर त्याने बायकोला, चारुताला, सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकताना तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

“मला कशाला सांगतोस?” ती म्हणाली. “मी काय रामराव आहे?”

“दिवाळी झाली की जातो.”

“त्याच्या घरी दिवाळी आहे का, ते विचारून ये आधी.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकान बंद ठेवून तो अमरावतीला गेला. बाईंच्या बैठकीत बसला आणि कार्ड समोर ठेवलं. वाटेत त्याने जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही कामी आलं नाही.

“ही चौथी फुली मी नंतर मारली, मॅडम. खूण माझ्या मशीनने झाली.”

“माझ्या सहीनंतर?”

“हो.”

बाई ओरडतील म्हणून तो खाली मान घालून बसला होता. त्या ओरडल्या नाहीत.

“माझ्या भीतीने केलंत?”

“तसं म्हटलं तर ते तुमच्यावर ढकलल्यासारखं होईल.”

“होईल,” बाई म्हणाल्या आणि किल्ली घेऊन उठल्या. “चला.”

परतवाड्याच्या रस्त्याने त्या एकदाच बोलल्या. आसेगाव मागे पडलं तेव्हा समोर पाहतच म्हणाल्या, “न वाचता सही मी केली.” हरिहरला त्यावर ‘नाही मॅडम’ म्हणावंसं वाटलं, पण तेवढाही अधिकार आपल्याला उरला नाही हे त्याला समजत होतं.

रामराव जीपच्या अड्ड्यावर सापडला. तो “धारणी, धारणी, एकच शीट” असं ओरडत जीपमध्ये माणसं भरत होता. नाकावर काळ्या काड्यांचा नवा चष्मा होता. बाईंना पाहून त्याने हात जोडले.

“गाडी सोडून हे काय करतोस?” बाईंनी विचारलं.

“बरं हाय मॅडम. शीटा भरून देतो, दुसरा चालवते.”

चहाच्या टपरीशी उभं राहून हरिहरने दुसऱ्यांदा सांगितलं. रामराव ऐकत होता. मध्येच एका म्हातारीने काही विचारलं, तेव्हा “मांगच्या शीटवर बसा माय,” असं तिला सांगून तो पुन्हा हरिहरकडे वळला.

“म्हंजे खूण नव्हती.”

“नव्हती.”

“मले दिसली नाही, कारन ते नव्हतीच.”

“हो.”

रामरावने चष्मा काढून शर्टाला पुसला. “मी डोये तपासले त्याच्यावर. डॉक्टर म्हणे, नंबर काही खास नाही, नको घेऊ. म्हटलं, द्याच. मंग इथं जीप धरली. वीस दिवस चालवली. घाटात समोरून गाडी आली का मले वाटे, दिसून राह्यलं ते खरं हाय का नाही. मांगं दहा माणसं बसेल असतात महाराज. सोडली मंग.”

हरिहर नोकरी घालवल्याची माफी मागायला आला होता. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. जे सांगायला आलो त्याहून आपण केलेलं मोठं आहे, हे त्याला त्या टपरीशी उभं असताना कळलं. हातातला चहा निवत गेला.

“उद्यापासून ये,” बाई म्हणाल्या.

“नाही मॅडम.”

“काहून?” शाळेची भाषा बाईंच्या तोंडून गळून पडली.

“अठरा वर्सं तुमी मले पाह्यलं,” रामराव म्हणाला. पुढचं त्याने बोलून दाखवलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. मग तो हरिहरला म्हणाला, “महाराज, एक करा. माह्या घरी चाला. हेच मनकर्णेले सांगा. तिच्या भावानं पंगतीत सगळ्याईसमोर म्हटलं का जावई गाडी ठोकून लपवते. तवापासून ते माहेरी गेली नाही.”

मनकर्णा अंगणात सूप घेऊन सोयाबीन पाखडत बसली होती. हरिहरने तिसऱ्यांदा सांगितलं. दरवेळी सोपं जाईल असं वाटत होतं, तसं काही झालं नाही. मनकर्णाने सूप खाली ठेवलं.

“फेब्रुवारीचं ना हे?”

“हो.”

“आन् तुमी आता सांगून राहिले.”

“हो.”

“सकायी उठला का आरशात डोये पाहे हा. रोज. मी म्हनो, पाहून काय होते, खोटं बोल्ला ते तोंड पाह्य.” तिने पदराने तोंड पुसलं. “म्या म्हटलं हे. माह्या तोंडानं.”

आपल्या एका फुलीने किती जणांना खोटं पाडलं, आणि किती जणांना नको ते बोलायला लावलं, हे हरिहर बसल्या जागी मोजत होता. मनकर्णाने रीत म्हणून चहा केला. त्याने रीत म्हणून घेतला.

निघताना बाईंनी किल्ली रामरावपुढे धरली. “नोकरीचं नाही म्हणत मी. अड्ड्यापर्यंत तरी ने.”

रामरावने बायकोकडे पाहिलं. “जाय ना,” ती म्हणाली. तो स्टिअरिंगवर बसला, आरसा नीट केला, चष्मा काढून खिशात ठेवला, मग पुन्हा लावला. बाई त्याच्या शेजारी बसल्या, हरिहर मागे. गल्ली अरुंद होती आणि वळणावर एक हातगाडी उभी होती. तिच्या बाजूने दीड गाडी जाईल एवढी जागा होती. रामराव थांबला.

“महाराज,” मागे न पाहता तो म्हणाला, “डाव्या अंगानं निघते का हो गाडी?”

“निघते. भरपूर जागा आहे.”

गाडी हलली नाही. ब्रेकवरचा पाय तसाच राहिला.

हरिहर दार उघडून खाली उतरला आणि गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला. मग हात वर करून तो एकेक पाऊल मागे सरकू लागला, आणि रामराव त्याच्या हाताकडे पाहत, तसूतसूने, गाडी पुढे घेऊ लागला. हातगाडी मागे पडली तरी दोघेही थांबले नाहीत. गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन पाहत होती. पार मोठ्या रस्त्यापर्यंत हरिहर तसाच उलटा चालत गेला.