अडलेल्यांचं पुस्तक

"कुठे अडलं?" वर्गात शिरताना सरांचा हा पहिला प्रश्न असायचा. "समजलं का?" असं त्यांनी कधीच विचारलं नाही. "तसं विचारलं की तुम्ही नंदीबैलासारख्या माना हलवता," म्हणायचे. मग खडू पुढे धरून गप्प उभे राहायचे. ज्याचं अडलं असेल त्याने उठून तो घ्यायचा. कोणी उठलं नाही तर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "सगळ्यांना सगळं येतंय. छान. मग मी घरी जातो."

असे एखादे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. पुण्यात जन्मलेले, पेठेत वाढलेले, बोलणं तिरकस, पण विद्यार्थी अडून बसला तर स्वतः अस्वस्थ होणारे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वडील वाशिमहून येऊन हडपसरला कारखान्यात लागलेले. बारावीपर्यंत मी मराठीतून शिकले आणि संख्याशास्त्राचं पहिलंच पुस्तक जाड, इंग्रजी आणि महाग निघालं. ग्रंथालयात त्याची एक प्रत होती. ती घरी न्यायला मिळत नसे. सर म्हणाले, "ते पुस्तक कपाटात सुखी आहे. आपण आपलं लिहू."

आम्हाला ती थट्टा वाटली, पण त्यांनी खरंच एक संकेतस्थळ उघडलं. परदेशातल्या कोणा शिक्षकांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं पुस्तक घेतलं आणि आम्ही ते मराठीत आणू लागलो. परवाना साधा होता: कोणीही वाचा, वापरा, बदला, फक्त लिहिणाऱ्याचं नाव ठेवा. सरांचा नियम मात्र वेगळाच होता. ज्याला जो धडा अडला, त्यानेच तो लिहायचा.

"सर, हुशार मुलांना द्या ना," मी घाबरत म्हणाले होते.

"हुशारांना दगड कुठे आहे ते माहीत नसतं. ठेच तुला लागली आहे."

माझ्या वाट्याला प्रमाण विचलन आलं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप. मी हडपसरच्या बसथांब्याचं उदाहरण लिहिलं. सरासरी बघितली तर बस थोड्या थोड्या वेळाने येते. प्रत्यक्षात एकामागोमाग तीन येतात आणि मग बराच वेळ एकही नाही. सरासरी सांगते बस आहे; थांब्यावर उभ्या असलेल्या बाईला कळतं, बस नाही. सरांनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे मला सुचलं नसतं." खाली माझं नाव लागलं. ते पान मी आईला दाखवलं. तिने नावापुरतंच वाचलं आणि मोबाइल पदराने पुसून परत दिला.

हळूहळू इतर वर्गही ते वापरू लागले. एका प्राध्यापकांनी स्टाफरूमच्या दारात सरांना टोमणा मारला, "तुमची पोरं पुस्तकं लिहितात म्हणे. आता आम्हाला शिकवतील."

"शिकवतील की," सर म्हणाले. "तुम्ही अडलात तर सांगा."

धडे रोज सुधारायचे. कोणी चूक दाखवली की दुपारपर्यंत दुरुस्त. म्हणून आम्ही ते मोबाइलवर उतरवून घ्यायला गेलो की सर अडवायचे. "जुनी प्रत म्हणजे शिळी भाकरी. ताजं वाचा. खुलं आहे, पळून जात नाही." आमच्या मोबाइलमध्येही जागा नसायचीच. कोणीच उतरवून घेतलं नाही.

त्या पुस्तकाच्या भरवशावर मी माझ्या मावसबहिणीला, प्रणालीला, संख्याशास्त्र घ्यायला लावलं. ती इंग्रजीला घाबरत होती. "पुस्तक आपल्या भाषेत आहे, मी लिहिलंय त्यात," असं मी तिला सांगितलं होतं.

दिवाळीनंतर सरांनी कॉलेज सोडलं. निरोपाला आमच्यातल्या कोणालाच बोलावलं नाही. थोड्याच दिवसांत प्रणालीचा फोन आला. "ताई, पान उघडत नाहीये. पासवर्ड मागतंय."

मग वर्गातल्या एकाने व्हिडिओ पाठवला. हिंजवडीतल्या एका शिकवणी कंपनीचा अभ्यासक्रम होता. पहिला भाग फुकट, पुढचे पैसे भरून. पडद्यावरची मुलगी हसत सांगत होती, "समजा, तुम्ही हडपसरच्या थांब्यावर उभ्या आहात." माझीच वाक्यं, माझ्याच क्रमाने. खाली आमच्यापैकी कोणाचंच नाव नव्हतं. 'संकल्पना' म्हणून एकट्या सरांचं.

मी फोन केला नाही, हिंजवडीलाच गेले. सर फाटकापर्यंत खाली आले. गळ्यात ओळखपत्राची निळी फीत. टपरीवर चहा पाजला आणि आई कशी आहे, विचारलं.

"सर, आमचं पुस्तक बंद झालंय."

"करारात होतं, अगं. दोन्हीकडे ठेवता येत नाही म्हणाले. इथून लाखो मुलांपर्यंत जाईल."

"आणि नावं?"

ते चहाकडे बघत म्हणाले, "इतक्या नावांना जागा नसते तिथे."

"निदान जुनी फाइल द्या, सर. माझ्या बहिणीची परीक्षा आहे. आमच्याकडे प्रत नाही. तुम्हीच घेऊ दिली नाहीत."

"हं," ते म्हणाले. "पाठवतो." मग एकदम उजळून, "तू इथे का येत नाहीस? चांगलं लिहितेस. त्यांना लिहिणारी माणसं हवीच आहेत."

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पेला परत द्यायला वळले. तोवर सर कंपनीच्या दाराशी पोचले होते; कार्ड टेकवून त्यांनी काचेचं दार उघडलं. मागून एक अनोळखी बाई दोन्ही हातांत डबे घेऊन येत होती. ती आत जाईपर्यंत त्यांनी दार धरून ठेवलं. मग आत गेले.

फाइल आली नाही. गेल्या आठवड्यात प्रणालीने विषय बदलला. अर्ज भरून आल्यावर तिने मला विचारलं, "ताई, सर वाईट होते का गं?"

मी नाही म्हणाले. मी खोटं बोलतेय असं वाटून ती माझ्याकडे बघू लागली. पण मी खोटं बोलत नव्हते. ते वाईट असते तर फाइल मागायला मी हिंजवडीला गेलेच नसते.