संशोधन केंद्राच्या बाई

चहा आधी संपवा, मग सांगते. हा किस्सा ऐकताना ठसका लागलेली माणसं मी पाहिलीत.

मी पुण्यातल्या एका संशोधन केंद्रात काम करते. विषय सामाजिक न्याय. गावोगावी जातिभेदाचा अभ्यास करायचा आणि सरकारनं काय धोरण आखावं ते सुचवायचं. आमची एक शिस्त आहे. 'जात' हा शब्द आपण होऊन काढायचा नाही, समोरच्याला अवघडल्यासारखं होतं.

तर इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या पुढच्या एका गावात गेले. गावाबाहेरच्या वस्तीत तात्या भेटले. थोडी जमीन, त्यात ऊस. म्हटलं, "मी संशोधन केंद्रातून आलेय." आता तुम्हीच सांगा, तिकडं संशोधन केंद्र म्हटल्यावर माणसाला काय आठवणार? ऊसच ना? पण हे मला तेव्हा कुठं सुचायला!

मी आवाज खाली आणून विचारलं, "तात्या, तो जुना त्रास अजून आहे का हो इथं?"

"हाय की. वरनं समदं हिरवंगार दिसतं, मॅडम. पर आतनं मुळंच खाल्लेली असत्यात."

मी रेकॉर्डर त्यांच्या आणखी जवळ सरकवला. "कधीपासून?"

"बापाच्या वक्तापासनं. एकदा मातीत बसली की लवकर निघत न्हाय."

"कुणी दखल घेत नाही?"

"साहेब लोक येत्यात, बघत्यात, जात्यात."

पुण्यात हे रेकॉर्डिंग ऐकून आमच्या संचालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. बारामतीला अधिकाऱ्यांची बैठक होती, तिथं तात्यांनाच बोलवायचं ठरलं.

बैठकीत मी माईकवरून सांगितलं, "आता ऐकू या पिढ्यान्‌पिढ्यांची वेदना." तात्या उठले. पिशवीतून उसाचं खोड काढून त्यांनी मातीसकट मोठ्या साहेबांपुढं ठेवलं. त्यातून एक जाडजूड पांढरी अळी बाहेर पडली आणि साहेबांच्या फाइलकडं निघाली.

"ही हुमणी," तात्या म्हणाले. "हिच्यावर औषध सांगा."

साहेबांनी फाइल उचलून मांडीवर घेतली.

"तात्या प्रतीकातून बोलताहेत," मी म्हणाले. हो, म्हणाले मी, माईकवरून.

साहेबांनी विचारलं, "आणि भेदभावाचं काय, तात्या?"

"भेदभाव न्हाय तिच्यात, साहेब. पाटलाचा ऊस असू द्या न्हायतर माझा, सारखाच खाती."

आता साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी तात्यांच्या कानाशी वाकले आणि शेवटी तो शब्द उच्चारला.

तात्या माझ्याकडं बघतच राहिले. "जातीचं व्हय? मग तसं इचारायचं की. मी आपला वाट बघत व्हतो, कोण इचारतंय का."

मग ते खुर्ची ओढून बसले आणि बोलायला लागले. वस्तीतली मयत न्यायला वाट मिळत नाही इथपासून सुरुवात केली. साहेबांनी सगळं स्वतःच्या हातानं लिहून घेतलं आणि वाटेचं काम पुढच्याच आठवड्यात बघतो, म्हणाले.

निघताना साहेब माझ्याजवळ थांबले.

"तुमचाही अभ्यास चांगला आहे, मॅडम," ते म्हणाले. "कृषी खात्याकडं पाठवून देतो."