राउटर अन् कोरडा खड्डा

धाराशिवच्या माळावरच्या टीव्ही केंद्रात मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच होतो. वडील लोकांच्या विहिरी खोदायचे. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगायचो. आजही सांगतो.

केंद्रात नवा व्हिडिओ राउटर आला होता. राउटर म्हणजे चित्रांचा चौक. उपग्रहावरून आलेलं चित्र, टेपवरचं, चाचणीच्या रंगीत पट्ट्या, यातलं काय टॉवरकडं सोडायचं ते ही पेटी बघायची. पेटी मशीनच्या हॉलमध्ये, अन् तिला हुकूम देणारा संगणक पलीकडच्या ऑफिसात. मध्ये जमिनीखालून केबल. तिच्यात कामाच्या तारा तीनच: एक बोलायची, एक ऐकायची, अन् तिसरी दोन्हीकडची जमीन, म्हणजे अर्थिंग, जोडणारी. अक्षरं रांगेनं, एकामागं एक जायची.

ती रांग दुपारी मोडायची. सकाळी हुकूम नीट जाई. दुपारी शेतीचा कार्यक्रम लावावा तर संगणकावर उत्तरादाखल नुसता कचरा, अन् गावोगावच्या टीव्हीवर रंगीत पट्ट्या.

साहेब पुण्याचे. म्हणाले, "शनिवारी वरची मंडळी पाहणीला येतायत. तोवर चाललं नाही तर कंपनीचा माणूस बोलावतो. तुला कायम करायचं का, ते मग बघू."

"बोलवायची गरज पडणार नाही, सर."

"पुस्तक इंग्रजीत आहे हं."

"मी पण इंग्रजीतच पास झालोय, सर."

दोन्हीकडचा वेग पाहिला, जुळत होता. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या जागी होती, तेही बरोबर. वेग कमी करून पाहिला, केबल बदलली. कचरा तसाच. मग बुधवारी घड्याळ घेऊन बसलो, तेव्हा ध्यानात आलं: हॉलचा एसी सुरू झाला की अक्षरं बिघडतात, बंद केला की सुधारतात. हॉलची जमीन अन् ऑफिसची जमीन यांच्यामध्ये मीटर लावला. काटा हलायला नको होता. चांगला हलला, म्हणजे दोन्ही जमिनी एका पातळीवर नव्हत्या.

मी थेट हॉलमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यावर गेलो. मशीनची गळकी वीज तिथं जमिनीत उतरते, पण माती ओली असेल तरच. वडील विहिरीवर करायचे तशी मूठभर माती घेऊन दाबली. बोटांतून धूळ गळाली.

या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाकायचं काम वॉचमन मामांचं. ते तेरखेड्याकडचे, वयानं वडिलांएवढे.

"मामा, खड्ड्याला पाणी कधी दिलं होतं?"

"संक्रांतीपास्नं न्हाय दिलं," ते बेधडक म्हणाले. "बायका टँकरमागं पळायल्यात अन् म्या चांगलं पाणी मातीत ओतू? लई पाप लागंल. म्हशीला पाजतो म्या ते."

"अन् ऑफिसच्या खड्ड्याला?"

"त्याला कोण देतंय? तुमचं बेसिनचं खरकटं पाणी जातंय की तिकडं."

म्हणून एक जमीन ओली अन् एक कोरडी. एसीची गळकी वीज कोरड्या मातीत उतरत नव्हती, ती केबलमधून ऑफिसकडं पळून अक्षरं बिघडवत होती. मामांना बोल लावायला माझी जीभ रेटली नाही. आमच्या घरीही त्या दुष्काळाच्या साली कुणी पाणी मातीत ओतलं नसतं.

दोन दिवस मी घमेल्यात बसून आंघोळ केली. ते साबणाचं पाणी अन् ओल धरायला कँटीनमधलं शेरभर मीठ खड्ड्यात गेलं. साहेब हसले. "फिजिक्समध्ये हे शिकवतात?"

"हे वडिलांनी शिकवलंय, सर."

शुक्रवारी काटा जवळजवळ जागेवर आला. शनिवारी भर दुपारी, एसी चालू असताना, पाहुण्या अधिकाऱ्यांनी स्वतः कळ दाबली. पट्ट्या गेल्या अन् पडद्यावर ज्वारीचं कणीस आलं. दहादा दाबलं, दहादा बरोबर.

साहेब म्हणाले, "नोंदवहीत केबल सैल होती असं लिही. बरं दिसतं."

मी लिहिलं, अर्थिंग कोरडं होतं, वापरलेलं पाणी दिल्यावर चाललं. साहेबांनी दोनदा वाचलं, अन् सही केली. महिन्याभरानं मी कायम झालो.

बेसिनच्या नळीला फाटा काढून तो मी हॉलमागं नेला. तेव्हापासून कुणी ऑफिसबाहेर हात धुताना दिसला की मामा ओरडायचे, "आत या साहेब, आत धुवा! तुमचं यंत्र तहानलंय!" म्हशीची बादली मात्र मी कधी काढून घेतली नाही.